टेस्टर पेटला, पण मशीन तापेना

पार्श्वभूमी

पेडणे तालुक्यात, समुद्रापासून चालत दहाएक मिनिटांवर एक छोटा कॅफे आहे. सहा टेबलं, मागे स्वयंपाकघर, पुढे अंगणात फणसाचं झाड. नाव-गाव सांगत नाही, मालकीणबाईंनी लिहायला हो म्हटलं पण आमचा बोर्ड त्यात नको असं बजावलंय. मी त्यांना ताई म्हणतो. नवरा बोटीवर, वर्षातले आठेक महिने बाहेरच, त्यामुळे कॅफेचं सगळं ताईच बघतात.

मी मुळात एसी-फ्रीजवाला, म्हापशाला छोटं वर्कशॉप आहे. कॉफी मशीनची कामं मी कधी शोधायला गेलो नाही, एकाचा फ्रीज करायला गेलो की तो म्हणतो हे पण बघा ना जरा, असं करत करत ती अंगावर आली. कंपनीचं ट्रेनिंग वगैरे काही नाही हे आधीच सांगून टाकतो.

मशीन सेकंडहँड, इटालियन, एका ग्रुपचं. ग्रुप म्हणजे ते पुढचं पितळी डोकं, ज्याला पोर्टाफिल्टर, म्हणजे कॉफी भरायची मूठवाली गाळणी, अडकवतात. हा ई-६१ जातीचा, १९६१ साली फाएमा कंपनीने काढलेला, त्या वर्षी इटलीत सूर्यग्रहण दिसलं होतं आणि त्या ग्रहणाचा, म्हणजे एक्लिप्सचा, तो 'ई'. साठ वर्षांनंतरही तीच रचना लोक बनवतायत, विकतायत. आत ५ लिटरचा बॉयलर, त्यात साधारण दोन तृतीयांश पाणी आणि वर वाफ. कॉफीचं पाणी हे बॉयलरचं पाणी नसतं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. बॉयलरच्या पोटातून एक वेगळी नळी जाते, कॉफीचं ताजं पाणी त्या नळीतून जाताना तापतं. बॉयलर १ बार प्रेशरला म्हणजे १२० डिग्रीच्या आसपास असतो आणि कपात जाणारं पाणी ९० ते ९६ च्या मधे मिळतं. म्हणजे बॉयलर थंड तर वाफही नाही आणि कॉफीही नाही, दोन्ही एकदम बंद.

आता मे महिन्यात काय झालं होतं ते बघा, कारण सगळ्याचं मूळ तिथे आहे. पावसाळ्यात हा कॅफे बंद असतो. ताईंनी मे अखेरीला मशीन रिकामं केलं, बॉयलरचं पाणी काढून टाकलं, काउंटरखालचा पाण्याचा नळ बंद केला, वर जुनी चादर टाकली. एकदम बरोबर केलं, चार महिने साचलेलं पाणी आत ठेवायचं नसतंच. फक्त हे कुठे लिहून ठेवलं नाही आणि ज्या पोराला माहीत होतं तो दुसरीकडे कामाला लागला.

अडचण

चवथ झाली, पाहुणे गेले, कॅफे उघडायची तयारी सुरू झाली. नवा पोरगा ठेवला होता, बेळगावकडचा, चुणचुणीत. त्याने मशीन चालू केलं. लाइट लागली, पंपाचा आवाज आला, ग्रुपमधून पाणीही आलं, पण थंडगार. अर्धा तास झाला, तास झाला, प्रेशरचा काटा शून्यावरून हलेना.

ताईंचा भाचा वायरिंगची कामं करतो. त्याने साइड पॅनल काढलं, टेस्टर हीटरच्या टर्मिनलला लावला, पेटला. दुसऱ्या टर्मिनलला लावला, तिथेही पेटला. म्हणजे करंट तर येतोय आणि तरी तापत नाही, म्हणजे एलिमेंट गेलं. मग मुंबईच्या एका पार्टवाल्याला फोन, त्यानेही फोनवरच सांगितलं की एलिमेंटच, पावसाळ्यानंतर हे होतंच, साडेसात हजार, अर्धे आधी पाठवा, सहा-सात दिवसांत कुरिअर. ताईंनी अर्धे पाठवले सुद्धा.

मला फोन आला तो एलिमेंट बसवून द्याल का एवढंच विचारायला. मी म्हटलं, बसवतो, पण आधी एकदा बघून जातो. तसा मी त्या दिवशी हरमलला एका एसीसाठी जाणारच होतो, नाहीतर खरं सांगतो, मीही कुरिअर येईपर्यंत थांबलो असतो.

समोरचे पर्याय

ताईंसमोर तेव्हा काय काय होतं, ते त्यांनीच मला चहा देता देता सांगितलं. एक, एलिमेंट येईपर्यंत थांबायचं, म्हणजे आठवडा गेला. दोन, कुणाचं तरी मशीन भाड्याने आणायचं, पण सीझनच्या तोंडावर रिकामं मशीन कोण देतो. तीन, पणजीहून एका सर्व्हिसवाल्याला बोलवायचं, तो सोमवारी येतो म्हणाला होता पण कुठला सोमवार ते बोलला नव्हता. चौथा पर्याय भाच्याचा, त्याच्यावर पुढे येतो, तो या सगळ्यातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात वाईट.

माझं म्हणणं एवढंच होतं की पार्ट मागवायच्या आधी हीटर मेलाय की त्याला कुणी बंद ठेवलंय हे ठरवूया. हे दोन वेगळे प्रश्न आहेत. कॉफी मशीनच्या हीटरला मधे बरेच जण अडवू शकतात. मेन स्विच आहे, प्रेशर स्विच आहे जो १.२ बारला बंद आणि १ च्या आसपास परत चालू करतो, फार तापलं की लाइन तोडणारा सेफ्टी थर्मोस्टॅट आहे, काही मशीनमध्ये पाण्याची पातळी बघणारा बॉक्सही आहे जो पाणी कमी असलं तर हीटरला चालूच होऊ देत नाही. यातला एक जरी नाही म्हणाला तर धडधाकट एलिमेंटही थंडच बसणार.

पहिली फेरी: क्लॅम्प मीटर

माझ्याकडे एक फूटभर लांबीची एक्स्टेन्शन आहे, जिचं वरचं आवरण मी कापून काढलंय, तीन वायरी सुट्या दिसतात. लोक हसतात तिला. पण क्लॅम्प मीटर अख्ख्या केबलभोवती लावला तर शून्यच दाखवतो, जाणारा आणि येणारा करंट एकमेकांना मारतात, म्हणून एकच वायर पकडावी लागते आणि त्यासाठी ही. मशीनचा प्लग त्यात, ती सॉकेटमध्ये, मीटर एका वायरीभोवती. मशीनच्या पाटीवर २७०० वॉट, २३० व्होल्ट लिहिलेलं, म्हणजे हीटर चालू असेल तर पावणेबारा अँपियर दिसायला हवेत. दिसले ०.१. म्हणजे फक्त दिवा आणि पाण्याच्या पातळीचा तो छोटा बॉक्स. हीटर काडीचाही करंट घेत नव्हता.

इथपर्यंत पॅनलला हात लावला नव्हता. पाच मिनिटं पण गेली नसतील.

मग पॅनल. मल्टिमीटरच्या दोन्ही पिना हीटरच्या दोन टर्मिनलवर ठेवल्या. आता इथे निर्णय होणार होता: जर २३० व्होल्टच्या आसपास दिसले असते आणि करंट शून्य, तर एलिमेंट आतून तुटलेलं, ताईंचे पैसे सत्कारणी. दिसले ० व्होल्ट. मी भाच्याकडे बघितलं, तो माझ्याकडे. त्याने परत टेस्टर लावला, दोन्हीकडे पेटला.

टेस्टर खोटं बोलत नव्हता, अर्धंच बोलत होता. टेस्टर फक्त सांगतो की इथे फेज, म्हणजे करंट आणणारी बाजू, आहे. हीटर म्हणजे शेवटी एक तारच, एका टोकाला फेज आली आणि दुसऱ्या टोकाचा परतीचा रस्ता तुटलेला असला तर ती फेज तारेतून पलीकडच्या टोकापर्यंत पोचते आणि टेस्टर दोन्हीकडे पेटतो. उलट एलिमेंट मधे तुटलेलं असतं तर एकाच बाजूला पेटला असता! म्हणजे ज्या गोष्टीवरून एलिमेंट गेलं असं ठरवलं, तीच गोष्ट एलिमेंट शाबूत असल्याचं सांगत होती. भाच्याला हे मी चारचौघांत बोलायला नको होतं, थोडा खट्टू झाला, त्याची चूक तशी काही नाही, आपल्याकडे निम्मं वायरिंग टेस्टरवरच चालतं.

पण न्यूट्रल, म्हणजे तो परतीचा रस्ता, तुटला कुठे? आणि स्विच-थर्मोस्टॅट तर फेजच्या वायरीवर असतात ना? सॉकेट उघडलं तर उत्तर मिळालं. मागच्या वर्षी काउंटर सरकवला तेव्हा कुणीतरी सॉकेटमध्ये फेज आणि न्यूट्रल अदलाबदल करून जोडले होते. मशीन तसंही चालतं, हीटरला काय फरक पडतो, पण त्यामुळे सगळे सेफ्टीवाले न्यूट्रलच्या बाजूला जाऊन बसले होते आणि थर्मोस्टॅटने तोडलं तरी हीटरवर फेज तशीच उभी. प्लग काढून, मेन बंद करून ते आधी सरळ केलं.

मग एक पिन हीटरच्या पलीकडच्या टोकावर तशीच ठेवली आणि दुसरी एकेका जागी नेत मागे मागे गेलो. चालू लाइनवर हे करताना एक हात खिशात ठेवायचा, ही माझ्या उस्तादांची शिकवण, आणि ज्याला सवय नाही त्याने हे करू नये, प्लग काढून कंटिन्युइटीने, म्हणजे तार सलग आहे का हे मीटरने बघून, पण हेच कळतं, थोडा वेळ जास्त लागतो. सेफ्टी थर्मोस्टॅटच्या हीटरकडच्या टोकाला ०. त्याच थर्मोस्टॅटच्या दुसऱ्या टोकाला २२६. झालं, सापडला. सुपारीएवढी गोल वस्तू, मधे लाल बटण, वर १३५ डिग्री लिहिलेलं. ती एकदा उडाली की आपोआप परत येत नाही, हाताने दाबावी लागते. प्लग काढून दाबलं. टक्.

तो टक् आवाज आला तेव्हा ताई म्हणाल्या, झालं? एवढंच? चालू करा मग भाऊ, आत्ता माझ्याकडे तिघं बसलेत कॉफीसाठी.

इथे थांबलो, आणि या प्रकरणात मी जे काही बरं केलं असेल ते हेच. लाल बटण उगाच उडत नाही. १३५ डिग्रीच्या वर काहीतरी गेलं होतं म्हणून उडालं. नेहमीचा बॉयलर १२०-१२५ च्या पुढे जात नाही. मग तापलं काय? दोनच शक्यता सुचत होत्या: प्रेशर स्विच चिकटला आणि हीटर बंदच झाला नाही, किंवा बॉयलरमध्ये पाणी नसताना हीटर चालू झाला. पहिली असेल तर आत्ता चालू केलं की पुन्हा तेच होणार, फक्त सेफ्टी व्हॉल्व्ह १.८ बारला सुटून स्वयंपाकघरभर वाफ. दुसरी असेल तर एलिमेंटला आतून काय झालंय ते आधी बघायला हवं.

एलिमेंटच्या वायरी सोडवून मोजलं, १९.८ ओहम. २३० चा वर्ग भागिले २७०० केलं तर १९.६ येतात, म्हणजे तार ठीक. मग मेगर, म्हणजे करंट बॉडीकडे गळतो का ते जास्त व्होल्टेज लावून बघणारा मीटर, ५०० व्होल्टवर, टर्मिनल ते बॉडी. साध्या मल्टिमीटरने हे बघून उपयोग नसतो, त्याचा व्होल्टेज इतका कमी की ओल असली तरी तो सगळं ठीक दाखवतो. मेगरने ०.८ मेगाओहम दाखवले. चांगलं नाही, वाईटही नाही. एलिमेंटच्या नळीत तार आणि बाहेरचं आवरण यांच्यामध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड भरलेली असते, ती हवेतली ओल ओढते, आणि आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यात समुद्र शेजारी, चार महिने बंद पडलेल्या मशीनमध्ये ती ओली होणारच. ईएलसीबी म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारा स्विच, ३० मिलिअँपियरवाला उडायला प्रतिरोध साडेसात-आठ किलोओहमपर्यंत उतरावा लागतो, तिथपासून आपण लांब होतो. एक-दोनदा नीट तापलं की ओल निघून जाते. तसं बघितलं तर त्या लाइनवर ईएलसीबी नव्हताच, ते वेगळं दुखणं.

तेवढ्यात ताई बाहेर गिऱ्हाइकांकडे गेल्या. पोरगा कपाच्या बशीची कड नखाने खरवडत उभा होता. मी काही विचारलंच नव्हतं. तोच म्हणाला, "दादा, नळ बंद होता."

मग सगळं निघालं. पहिल्या दिवशी त्याने स्विच सरळ २ वर नेला होता. या मशीनला १ म्हणजे फक्त पंप आणि पाणी भरणं, २ म्हणजे हीटर. बॉयलर रिकामा, नळ बंद, पंप कोरडा ओरडत राहिला, याला वाटलं मशीन असाच आवाज करतं. दहा-पंधरा मिनिटांनी करपल्यासारखा वास आला, घाबरून बंद केलं, खाली वाकून बघितलं तर नळ बंद. उघडला, परत चालू केलं, पाणी भरलं, सगळं बरोबर वाटलं, फक्त तापेना. ओरडा बसेल म्हणून बोलला नाही. या जुन्या मशीनचा पातळी बघणारा बॉक्स फक्त पाणी भरतो, हीटरला अडवत नाही. म्हणजे त्या दिवशी एलिमेंट आणि राख यांच्यामध्ये हे एक लाल बटणच होतं.

मला खात्री पटली. प्रेशर स्विच उघडून कॉन्टॅक्ट बघितले, चिकटलेले नव्हते. चालू केलं. मीटरवर ११.४ अँपियर. स्टीमचा नळ थोडा उघडा ठेवला, आतली हवा निघून खरी वाफ यायला लागली की बंद, नाहीतर हवेचंच खोटं प्रेशर काट्यावर दिसतं. नुसत्या साडेतीन लिटर पाण्याचं गणित आठ-नऊ मिनिटांचं आहे, पण चारेक किलोचं पितळी डोकं आणि तांब्याचा बॉयलरही तापायचा असतो, वीस-बावीस मिनिटांनी काटा १.२ ला गेला, हीटर बंद, १ ला आला, परत चालू. तीनदा बघितलं. पहिली कॉफी ताईंनी सिंकमध्ये ओतली, दुसरी मला दिली.

पोराचं काय करायचं हा पण एक निर्णय होता. ताईंना मी सांगितलं की पाणी नसताना चालू झालं होतं, आणि हे मे महिन्यात लिहून ठेवलं असतं तर झालं नसतं. दोन्ही खरं होतं. त्या पोराकडे बघून काही बोलल्या नाहीत.

दुसरी फेरी: माझी चूक

इथे लिखाण संपवता आलं असतं, पण तिसऱ्या दिवशी, शनिवारी, सकाळी साडेनऊला परत फोन. मशीन थंड. आणि आता बाहेर अंगण भरलेलं, मोपाला विमानं यायला लागल्यापासून आमच्या बाजूला शनिवार-रविवारची गर्दी वाढलीय, पहाटे उतरलेली माणसं सामान घेऊन थेट नाश्त्याला येतात.

मी म्हापशाहून निघालो, वाटेत फोनवर भाचा. आता तो टेस्टरवर विसंबला नव्हता, कंटिन्युइटी बघितली होती, थर्मोस्टॅटपाशीच तुटलंय असं बरोबर सांगत होता, लाल बटण दाबूनही जात नव्हतं. आणि मग त्याचा तो चौथा पर्याय, जो त्याने पहिल्या दिवशी पण सुचवला होता: "थर्मोस्टॅट डायरेक्ट करूया मरे, दोन वायरी जोडतो, संध्याकाळी तू येऊन नीट कर."

खरं सांगायचं तर मोह मलाही झाला. पाणी भरलेलं आहे, प्रेशर स्विच चालतोय, एका दिवसाचा प्रश्न. पण असं डायरेक्ट केलेलं कधी संध्याकाळी परत सुटं होत नाही, मी फ्रीजमध्ये पाच-पाच वर्षांपूर्वीचे डायरेक्ट बघितलेत. आणि याच मशीनचं एलिमेंट चार दिवसांपूर्वी त्याच बटणाने वाचवलं होतं. मी नाही म्हटलं, ताईंना फोन द्यायला सांगितलं, त्यांनाही तेच सांगितलं. त्या दोन सेकंद गप्प बसल्या, मग म्हणाल्या, बरं, मी गॅसवर डिकॉक्शन टाकते. त्या दिवशी फिल्टर कॉफी, लिंबू सोडा आणि कोकम सरबतावर निभावलं. दोन जण उठून गेले, बाकीचे बसले.

पॅनल उघडलं आणि मला लगेच कळलं. बटण उडालेलं नव्हतंच. थर्मोस्टॅटच्या एका पातीला जो स्पेड लग, म्हणजे वायरीच्या टोकाची चपटी पितळी टोपी, बसतो, त्याचं प्लॅस्टिक वितळून काळं झालेलं, पाती अर्धी जळालेली, हात लावला तर लग खाली पडला.

आणि हा लग मी पहिल्या दिवशी बघितला होता. तपकिरी पडलेला होता. मी तो पक्कडने जरा दाबला, हलतो का बघितलं, नाही हलला, आणि मनात म्हटलं पुढच्या वेळी बदलूया. खाऱ्या हवेने पितळी लगवर हिरवट-तपकिरी थर चढतो, मग तिथे अर्धा ओहम जरी प्रतिरोध आला तरी साडेअकरा अँपियरला ६५ वॉटच्या वर उष्णता त्या नखाएवढ्या लगमध्ये. सोल्डरिंग गन लावून ठेवल्यासारखंच की. चार महिने बंद होतं तेव्हा ते गंजलं, चालू झालं तेव्हा जळायला लागलं. पहिल्या दिवशी दहा मिनिटं आणि वीस रुपयांचा लग, एवढंच काम होतं.

वायर मागे कापत गेलो. पहिले दोन इंच तांबं काळं निघालं, चकचकीत तांबं लागेपर्यंत कापलं. काळ्या तांब्यावर नवीन लग क्रिंप करून उपयोग नाही, महिनाभरात परत तेच. वायर तोकडी पडली म्हणून उष्णता सोसणारी सिलिकॉन वायर घातली, साधी पीव्हीसी बॉयलरशेजारी नको. थर्मोस्टॅट पणजीत एका गीझरच्या पार्टवाल्याकडे मिळाला, तीच १३५ डिग्री, तोच हाताने दाबायचा प्रकार, अँपियर १६, तिन्ही गोष्टी जुळवून घेतल्या. आपोआप परत चालू होणारा तो देत होता, स्वस्तात, तो घेतला नाही, कारण मग काही बिघडलंय हे कुणाला कळणारच नाही, मशीन आपलं तापतंय-थांबतंय. बाकी हीटरच्या लाइनवरचे सगळेच लग बदलले, सहा होते, त्यातले आणखी दोन आतून तसेच निघाले.

निकाल

शनिवारी संध्याकाळी सहाला मशीन चालू झालं. दुसऱ्या दिवशी थंड असताना मेगर पुन्हा लावला, ४० मेगाओहमच्या वर. ओल गेली होती. त्या लाइनवर ३० मिलिअँपियरचा ईएलसीबी बसवला. भाच्याने बसवला, मी फक्त बघत उभा होतो, आणि सॉकेट उलटसुलट नाही ना हे त्याने मला न विचारता मीटरने तपासलं.

हिशोब असा: थर्मोस्टॅट, वायर, लग मिळून हजाराच्या आत. दुसऱ्या फेरीची मजुरी मी घेतली नाही, घेता येण्यासारखी नव्हती. एलिमेंटचे अर्धे पैसे आधीच गेलेले. मशीनच्या कॉफीविना चारेक दिवस.

स्केलिंगचं पण सांगून टाकतो, कारण प्रत्येकजण विचारतो. नाही, क्षारांमुळे काही झालं नव्हतं. आमच्या भागातलं नळाचं पाणी देशावरच्या बोअरवेलसारखं जड नाही, पातळीची कांडी काढून बघितली तर नुसता पातळ पांढरा थर होता, बोटाने पुसला गेला. मशीन तापत नाही म्हटलं की डीस्केलिंगची पावडर ओतायची सवय लोकांना लागलीय, ताईंनीही पहिल्या दिवशी ती आणून ठेवली होती. बॉयलर थंड असताना ती ओतून काहीच झालं नसतं, फक्त आणखी एक दिवस गेला असता.

पुन्हा असं आलं तर

मी आधी प्रश्न विचारीन, मग मीटर काढीन. मशीन शेवटचं कधी तापलं, त्यानंतर आणि आजच्या मधे कोणी कशाला हात लावला, काही वास आला का. त्या दिवशी मी सगळं मोजून थर्मोस्टॅटपर्यंत पोचलो खरा, पण कारण मला पोराने सांगितलं, मीटरने नाही. आणि ते तो मालकिणीसमोर बोलला नसता, त्यामुळे हे प्रश्न विचारताना तिला चहा करायला पाठवायचं.

ताई काय वेगळं करतील, ते त्यांचं त्यांनी सांगितलं: फोनवर निदान करणाऱ्याला आधी पैसे पाठवणार नाही. मला यात त्यांची फार चूक दिसत नाही, सीझन तोंडावर आणि दोन माणसं एकच गोष्ट सांगतायत, कुणीही पाठवले असते. पण त्या पार्टवाल्याने निदान एवढं तरी विचारायला हवं होतं की ओहम किती येतायत. विचारलं असतं तर ऑर्डर हातची गेली असती, ते त्यालाही माहीत असणार.

पहिल्या दिवशी तपकिरी लग बदलला असता तर शनिवार वाचला असता, यावर माझं मी काही जास्त बोलत नाही. आता माझ्या पिशवीत लगची डबी वरच्या कप्प्यात असते, पूर्वी गाडीत असायची, आणि पार्किंगपर्यंत जायचा कंटाळा हेच त्या दिवशीचं खरं कारण होतं.

या मे महिन्यात कॅफे बंद करताना मला बोलावलं होतं. पोरगा अजून तिथेच आहे. त्याने खोक्याचा पुठ्ठा कापून दोन चिठ्ठ्या केल्या होत्या, एक सुतळीने नळाला बांधली, एक स्विचला चिकटवली: "बॉयलर रिकामा आहे. आधी नळ. मग १. पाणी भरल्यावरच २." खाली तारीख, आणि स्वतःची सही.

एलिमेंट मंगळवारी आलं होतं, उरलेले पैसे देऊन सोडवून घ्यावं लागलं, परत घेत नाहीत म्हणाले. काउंटरखाली आहे, बबल रॅपमध्ये, न उघडलेलं. पोरगा त्यावर साखरेची बरणी ठेवतो.